नाशिकच्या घरात स्मार्ट स्पीकर: कुठे कामी येतो, कुठे पैसे वाया जातात

कणकेत हात आहेत आणि कुकर बंद करायची वेळ लक्षात ठेवायची आहे. मोतीबिंदूमुळे फोनवरची अक्षरं लागत नाहीत. गुडघे धरले आहेत, उठून पंखा लावणं जिवावर येतंय. यातली एखादी अडचण तुमच्या घरात रोजची असेल, तर आवाजावर चालणारा एक छोटा स्पीकर जरूर घ्या. त्याचे चार-पाच हजार वसूल होतात. अशी अडचण नसेल आणि नुसती गाणीच ऐकायची असतील, तर त्याच पैशात साधा ब्लूटूथ स्पीकर जास्त भरदार वाजतो आणि लाइट गेल्यावरही वाजत राहतो. आणि सगळं घरच आवाजावर चालवायच्या बेतानं निघाला असाल तर आधी घरातले बोर्ड उघडून बघा. त्या बेतात स्पीकर ही सगळ्यात स्वस्त वस्तू असते.

भारतात हा प्रकार ऑक्टोबर २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या इकोबरोबर आला, गूगलनं एप्रिल २०१८ मध्ये आपला होम आणला. सध्या साध्या घरासाठी विचार करण्यासारखे तीन-चारच आहेत. इको डॉटची पाचवी पिढी मार्च २०२३ मध्ये ५,४९९ रुपयांना आली. इको पॉप त्याच वर्षी मे महिन्यात ४,९९९ ला. गूगलचा नेस्ट मिनी २०१९ चा, तेव्हा ४,४९९. अ‍ॅपलचा होमपॉड मिनी २०२० मध्ये ९,९०० ला आला होता. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये पहिल्या तिघांच्या किमती बऱ्याच खाली येतात, त्यामुळे घाई नसेल तर पूर्ण किमतीला घेऊ नका. होमपॉड मिनी सुरू करायलाच आयफोन किंवा आयपॅड लागतो. घरात सगळे फोन अँड्रॉइड असतील तर तो विषय तिथेच संपतो.

डॉट आणि पॉप यांत फरक दिसतो त्यापेक्षा जास्त आहे. पॉपचा आवाज समोरच फेकला जातो, त्यामुळे भिंतीकडे पाठ करून ओट्यावर ठेवायला तो बरा. डॉटचा खर्ज जास्त चांगला आहे, शिवाय त्यात तापमान मोजणारा सेन्सर आहे. खोली ३० अंशांच्या वर गेली की पंखा लागावा, अशी आज्ञा एकदा घालून ठेवता येते. एप्रिल-मे मधल्या दुपारी झोपलेल्या लहान मुलासाठी ही सोय खरोखर कामाची आहे. पाचव्या पिढीच्या डॉटला वायरनं जोडायचं साडेतीन मिलिमीटरचं भोक मात्र काढून टाकलं आहे. चौथ्या पिढीत ते होतं. घरातल्या जुन्या म्युझिक सिस्टिमला जोडायचा विचार असेल तर आता ब्लूटूथवरच भागवावं लागेल, आणि त्यासाठी सिस्टिमला ब्लूटूथ असायला हवं. सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारायला गूगल उजवा, पण नेस्ट मिनीची बनावट आता जुनी झाली. आज नवा घ्यायचा तर स्वयंपाकघरासाठी पॉप, बाहेरच्या खोलीसाठी डॉट, असं आमचं मत आहे.

आता भाषेचं बोलू, कारण मराठी घरात सगळ्यात जास्त निराशा इथेच होते.

फोनवरचा गूगल असिस्टंट २०१८ पासून मराठी समजतो. म्हणून लोक धरून चालतात की त्याच कंपनीचा स्पीकरही समजेल. तसं नाही. स्पीकरवर भारतासाठी इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषा मिळतात. इकोमधून बोलणाऱ्या अलेक्साचंही तेच, तिथे हिंदी सप्टेंबर २०१९ मध्ये आली. आठ-नऊ कोटी लोकांची भाषा या डब्यांना अजून येत नाही, ही खटकणारी गोष्ट आहे आणि विकत घेण्याआधी ती माहीत असायलाच हवी. ज्या आजीसाठी तुम्ही तो घेताय तिला हिंदी बोलायचा कंटाळा असेल, तर पहिल्या आठवड्यातच ती त्याच्याशी बोलणं सोडून देईल.

तरी वाट निघते. अ‍ॅपमध्ये स्पीकरच्या सेटिंगमध्ये भाषा उघडा आणि इंग्रजी-हिंदी अशी जोडी निवडा, म्हणजे दर वेळी भाषा बदलावी लागत नाही. मग मराठी आणि हिंदी या दोन्हींत सारख्याच बसणाऱ्या आज्ञा ठरवा. ‘पंखा बंद कर’ हे वाक्य दोन्ही भाषांत तसंच्या तसं चालतं. ‘लाइट बंद कर’ही चालतं. ‘लाव’ आणि ‘घालव’ या आपल्या शब्दांनी मात्र घोटाळा होतो. ‘दिवा लाव’ किंवा ‘पंखा घालव’ म्हटलं की ते एक तर गप्प बसतं किंवा भलतंच काही करतं. ‘चालू कर’ मध्ये एक खाच आहे. मराठीत ‘चालू’ मधला च आपण ‘चांदणं’ मधल्यासारखा, दातांजवळून म्हणतो. हिंदीत तो ‘चहा’ मधल्यासारखा आहे. घरातल्या मोठ्या माणसांचा ‘चालू’ यंत्राला कळला नाही तर त्यांना दोष देऊ नका. ‘पंखा ऑन कर’ असं शिकवा, ते लगेच जमतं.

ळ चंही असंच आहे. देवळालीचं हवामान विचारताना ‘देवलाली’ म्हणावं लागतं. आकडे तर आणखी गुंतागुंतीचे. ‘पाच’, ‘सात’, ‘साडेपाच’ निभावून जातात, पण ‘अकरा’, ‘पंचवीस’, ‘अडीच’ हे हिंदीत ‘ग्यारह’, ‘पच्चीस’, ‘ढाई’ आहेत. म्हणून स्वयंपाकाच्या टायमरसाठी इंग्रजी आकडे ठरवून टाका: फाइव्ह, टेन, फिफ्टीन, ट्वेंटी. बहुतेक घरांत हे आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात.

इको ‘अलेक्सा’ या हाकेनं जागा होतो, त्यामुळे घरात कुणाचं नाव अलका असेल तर तिला हाक मारतानाही तो जागा होऊ शकतो. सेटिंगमध्ये हाकेचा शब्द बदलून ‘इको’ किंवा ‘कॉम्प्युटर’ करता येतो. गूगलमध्ये अशी सोय नाही, तिथे ‘ओके गूगल’ किंवा ‘हे गूगल’च म्हणावं लागतं.

मराठी गाण्यांची फर्माईश तोंडी करत बसू नका. गाण्याचं मराठी नाव हिंदीच्या कानानं ऐकलं जातं आणि भलतंच गाणं लागतं. फोनवर एकदाच बसून हव्या त्या अभंगांची, भावगीतांची, आरत्यांची प्लेलिस्ट करा आणि तिला ‘मॉर्निंग वन’, ‘इव्हनिंग टू’ अशी सोपी नावं द्या. ‘प्ले मॉर्निंग वन प्लेलिस्ट’ हे घरातल्या कुणालाही म्हणता येतं. गाण्यांच्या अ‍ॅपचं फुकट खातं असेल तर बहुधा मागितलेलं नेमकं गाणं न लागता त्याच्यासारखी दुसरी लागतात, अधेमधे जाहिराती येतात. महिन्याचे पैसे भरायचे नसतील तर फोनवर गाणं लावून ते ब्लूटूथनं स्पीकरवर घ्या. आकाशवाणी ऐकायची असेल तरी हाच मार्ग सरळ आहे: फोनवर न्यूजऑनएअर अ‍ॅप, आवाज स्पीकरवर.

स्वयंपाकघरात ठेवताना जागा विचार करून निवडा. भिंतीपासून वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर पुढे हवा. अगदी कोपऱ्यात ढकलला की आवाज घुमतो आणि माइकला शब्द नीट लागत नाहीत. शेगडीपासून चार-पाच फूट लांब. फोडणीचा धूर तेल घेऊन उडतो आणि स्पीकरवरच्या कापडी जाळीत बसतो. सहा महिन्यांनी त्या कापडावरून बोट फिरवलं की चिकट लागतं, त्यावर पिठाची धूळ धरते आणि वरची माइकची बारीक छिद्रं बुजायला लागतात. किंचित ओल्या कापडानं आठवड्याला पुसा, फवारा मारू नका. यातलं एकही मॉडेल पाण्याला टिकणारं नाही. देवघरातही तसंच: समईची काजळी आणि उदबत्तीची राख ज्या फळीवर पडते, त्या फळीवर नको.

मिक्सर चालू असताना हाका मारू नका, ऐकू जाणार नाही. एकाच वेळी दोन-तीन टायमर लावता येतात आणि त्यांना नावं देता येतात. ‘भात टायमर’, ‘डाल टायमर’ अशी दोन्ही भाषांत बसणारी नावं ठेवली की वेळ झाल्यावर कुठलं भांडं उतरवायचं हे तोच सांगतो. आमच्या मते सगळ्या गाजावाजात ही एकच सोय अशी आहे की जिची सवय लागल्यावर सुटत नाही.

वाय-फाय. घरी आणल्यावर येणाऱ्या बहुतेक तक्रारी स्पीकरच्या नसतात, राउटरच्या असतात. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती हात-दीड हात जाड. माजघरात राउटर असेल तर मागच्या खोलीत काहीच पोचत नाही. इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडच्या रो-हाउसमध्ये अडचण वेगळी: राउटर खाली, बेडरूम वर, मध्ये सळयांचा स्लॅब. अशा घरात २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय जास्त लांब जातं, ५ गिगाहर्ट्झचं वेगवान असलं तरी भिंतीत अडतं. स्पीकर दोन्हींवर चालतात. स्मार्ट प्लग (सॉकेटमध्ये बसून उपकरण आवाजावर चालू-बंद करणारा) आणि स्मार्ट बल्ब मात्र बहुतेक सगळे फक्त २.४ वर.

पहिल्याच दिवशी प्लग जोडला जात नाही याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. तुमचा फोन ५ वर असतो, प्लगला २.४ हवं असतं, आणि राउटरनं दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं. राउटरचं सेटिंग उघडा, दोन्हींना वेगळी नावं द्या, फोन २.४ वर आणा आणि मग प्लग जोडा. राउटरवर सुरक्षेसाठी फक्त डब्ल्यूपीए-३ निवडलं असेल तरी जुने प्लग अडतात. डब्ल्यूपीए-२ किंवा दोन्हींची जोडी ठेवा. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर स्पीकर ठेवू नका, त्यावरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत.

प्लगचं स्वतःचं अ‍ॅप असतं. आधी तिथे तो चालतो का बघा, मग ते खातं अलेक्सा किंवा गूगलच्या अ‍ॅपला जोडा, मग उपकरणं शोधायला सांगा. हा क्रम उलटा केला की तासभर जातो. एक खबरदारी फार थोडे घेतात: इंटरनेटवाला बदललात आणि नवा राउटर आला, तर त्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. सगळे प्लग, बल्ब आणि स्पीकर आपोआप चालू होतात. नाही तर एकेक काढून पुन्हा जोडत बसावं लागतं.

आता लाइट जाण्याचं. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत कुठे ना कुठे लाइट जातेच, आणि या स्पीकरांना बॅटरी नसते. रात्री लाइट गेली तर पहाटेचा गजर वाजणार नाही. नुसतं इंटरनेट गेलं आणि वीज असली, तर आधी लावलेला गजर इकोवर वाजतो; प्रश्नांची उत्तरं आणि गाणी मात्र बंद. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, किंवा १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस दीड-दोन हजारात मिळतो तो लावा. तरीही इंटरनेट गेलंच, तर इमारतीच्या जिन्यातली केबलवाल्याची पेटी बघा. तिला बॅकअप नसला की तुमचा राउटर कितीही जागा असला तरी उपयोग नाही.

स्मार्ट बल्बचा एक त्रास लाइट परत आल्यावर कळतो. रात्री तीनला वीज येते आणि बंद केलेला बल्ब पूर्ण उजेडात पेटतो, कारण वीज मिळाली की पेटायचं असंच तो कारखान्यातून शिकून येतो. बल्बच्या अ‍ॅपमध्ये वीज आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं. तिथे ‘आधीच्या स्थितीत राहा’ निवडा. ज्या बल्बच्या अ‍ॅपमध्ये हे सेटिंग नाही तो बेडरूमसाठी घेऊ नका. आणि दुसरी गोष्ट: भिंतीवरचं बटण बंद असेल तर बल्ब मेलेला असतो, आवाजाला उत्तर देत नाही. घरातलं कुणीतरी सवयीनं जाताना बटण बंद करतंच. म्हणून बल्बपेक्षा बोर्डात बटणांच्या मागे बसणारं छोटं मॉड्यूल चांगलं, कारण त्यात बटणही चालतं आणि आवाजही.

हे मॉड्यूल बसवायला बोर्डात न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची वायर, हवा. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे तो असतोच. नुसत्या बटणांच्या बोर्डात, विशेषतः जुन्या लाकडी बोर्डांच्या वायरिंगमध्ये, बऱ्याचदा फक्त फेज आणलेला असतो. वायरमनला बोलावून आधी एमसीबी (वीज तोडणारं मुख्य बटण) पाडून एक बोर्ड उघडायला सांगा, न्यूट्रल आहे का आणि पेटीत मागे जागा किती आहे ते बघा, मगच मॉड्यूल विकत घ्या. घेतलेलं मॉड्यूल पेटीत न मावल्यामुळे प्लेट भिंतीबाहेर फुगलेली राहणं हा नेहमीचा प्रकार आहे, आणि दाबून बसवलेल्या वायरी नंतर तापतात.

छताच्या पंख्याला प्लगचा उपयोग नाही, वेगही बदलायचा असतो. पंखे जुने झाले असतील तर बीएलडीसीचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, वाय-फायवाला पंखा घ्या. साधा पंखा ७०-७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास, आणि ‘फॅन स्पीड थ्री’ म्हटलं की ऐकतो. त्याचा जुना रेग्युलेटर काढून थेट लाइन द्यायला वायरमनला आवर्जून सांगा. रेग्युलेटरवर चालवला तर आतलं सर्किट जळू शकतं. एसी आणि टीव्हीसाठी इन्फ्रारेड ब्लास्टर मिळतो. तो रिमोटसारखेच किरण सोडतो, भिंतीपलीकडे जात नाहीत, म्हणून खोलीगणिक एक लागतो आणि एसी त्याच्या नजरेसमोर हवा.

गीझर हा मात्र नीट समजून घ्यायचा विषय. डिसेंबर-जानेवारीत निफाडपट्ट्यात पारा एक आकडी होतो, शहरातही सकाळी सहाला पाणी हातात धरवत नाही, त्यामुळे ‘उठायच्या आधी गीझर आपोआप लागावा’ ही इच्छा साहजिक आहे. हिशोब असा: २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, ३,००० वॅटचा १३. बाजारातला साधा स्मार्ट प्लग बहुधा १० अँपिअरचा असतो. दोन हजार वॅटच्या गीझरला तो कागदावर पुरतो, प्रत्यक्षात रोज काठावर चालतो. १६ अँपिअरचाच घ्या, आयएसआय खूण बघून, आणि ३,००० वॅटच्या गीझरला तोही लावण्याआधी सॉकेट तपासा.

तपासायचं ते असं. अर्धा तास गीझर चालवून बंद करा, पिन काढा आणि सॉकेटच्या भोकांकडे बघा. डाव्या किंवा उजव्या भोकाभोवती तपकिरी कडा आली असेल, प्लास्टिकला किंचित जळका वास येत असेल, तर आतली पितळी पट्टी ढिली झाली आहे. ढिल्या जागी संपर्क कमी, म्हणून तिथेच उष्णता. त्या सॉकेटमध्ये स्मार्ट प्लग लावला की उष्णतेच्या दोन जागा होतात, एक सॉकेटमधली आणि एक प्लगच्या आतल्या रिलेची (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची), आणि हे सगळं तुम्ही झोपेत असताना होत असतं. सॉकेट बदला, वायर किमान अडीच स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची आहे का ते वायरमनकडून बघून घ्या, मग प्लग लावा.

वेळही मोजून लावा. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ५० वर न्यायला २,००० वॅटला अठरा-वीस मिनिटं लागतात. सव्वासहाला अंघोळ असेल तर पाच पन्नासला चालू आणि सहा वीसला आपोआप बंद, एवढं पुरे. बंद व्हायची आज्ञा प्लगच्याच अ‍ॅपमधल्या टायमरवर ठेवा, स्पीकरच्या आज्ञेवर नको. ऐन वेळी इंटरनेट नसलं तर स्पीकरची आज्ञा पोचत नाही. गच्चीवर सोलर असेल तर रोजचं वेळापत्रकच लावू नका. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांपुरता गीझर हातानं लावणं हेच शहाणपणाचं.

पाण्याच्या मोटरला स्मार्ट प्लग कधीच नको. एक एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्या झटक्यात प्लगचा रिले चिकटू शकतो. चिकटला की ‘बंद’ म्हटल्यावर अ‍ॅपमध्ये बंद दिसतं आणि मोटर चालूच राहते, टाकी वाहते, खालची टाकी कोरडी पडली तर मोटर जळते. मोटरसाठी वायरमनकडून कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा स्विच) बसवून घ्या किंवा टाकीच्या पातळीवर चालणारा साधा कंट्रोलर.

ज्येष्ठांसाठी घेणार असाल तर औषधाच्या आठवणीचा एक बारकावा. अलेक्सावर ‘रिमाइंडर’ लावला तर ती दोनदा सांगते आणि गप्प होते. आजोबा तेव्हा बाथरूममध्ये असले तर गोळी राहिली. त्याऐवजी ‘अलार्म’ लावा, तो बंद केला नाही तर बराच वेळ वाजत राहतो. गजराचा आवाज गाण्याच्या आवाजापासून वेगळा ठरवता येतो. गाणी मंद ठेवली तरी गजर मोठा ठेवा. मुलगा-मुलगी पुण्यात किंवा बाहेरदेशी असतील तर ‘ड्रॉप इन’ची सोय मोलाची आहे, पलीकडून फोन न उचलताही बोलणं सुरू होतं. पण ती परवानगी नेमक्या एक-दोन माणसांनाच द्या आणि आई-वडिलांना विचारून द्या. या काळात स्पीकरवर हिरवा दिवा लागतो, हे त्यांना दाखवून ठेवा. अडचणीत ११२ ला फोन मात्र या स्पीकरवरून लागत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या हाताशी बटणांचा फोन हवाच.

इकोच्या दिव्याचे बाकी रंगही पाठ असलेले बरे: निळा म्हणजे ऐकतोय, नारिंगी म्हणजे जोडणी चालू, पिवळा म्हणजे निरोप आहे, जांभळा म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू, लाल म्हणजे माइक बंद.

माइकवरून खासगीपणाकडे येऊ. स्पीकर सतत कान देऊन असतो, पण हाकेचा शब्द ऐकेपर्यंत आवाज बाहेर पाठवत नाही. त्यानंतरचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथे साठूही शकतं. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबरच्या प्रकरणात अ‍ॅमेझॉननं अडीच कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग हवी त्यापेक्षा जास्त काळ ठेवल्याचा आरोप होता. तेव्हा पहिल्याच दिवशी अ‍ॅपमधल्या प्रायव्हसीच्या पानावर जा. रेकॉर्डिंग तीन महिन्यांनी आपोआप पुसली जावीत असं ठेवा, किंवा साठवूच नका. माणसांकडून रेकॉर्डिंग तपासून घ्यायची कंपनीला दिलेली परवानगी काढून टाका. आवाजावरून खरेदी बंद करा, नाही तर पिन लावा. लहान मुलं असलेल्या घरात हे आधी. बेडरूममध्ये ठेवू नका असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि ठेवलाच तर रात्री माइकचं बटण दाबून लाल दिवा झाला का ते बघून झोपा. नेस्ट मिनीला कडेला सरकवायचं बटण आहे.

विजेचा खर्च नगण्य. दोन वॅटच्या आसपास धरला तर महिन्याला दीड युनिट. गाणी वाजवताना तासाला शंभर-सव्वाशे एमबी डेटा जातो, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवायचा विचार असेल तर तो सोडा.

एम. जी. रोडवर किंवा ओळखीत कुणाकडून वापरलेला स्वस्तात मिळत असेल तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी विकणाऱ्यासमोरच करून घ्या. त्यानं आपल्या अ‍ॅपमधून स्पीकर काढून टाकायला हवा. जुन्या खात्यावर अडकलेला इको तुमच्या खात्यावर येत नाही. मग रीसेट. इको डॉटचं ठिपक्याचं बटण साधारण २५ सेकंद दाबून धरा, नारिंगी दिवा फिरला पाहिजे. नेस्ट मिनीचा माइक बंद करून वरचा मधला भाग पंधरा सेकंद दाबा, आवाज येईपर्यंत. त्यानंतर दुकानाच्या वाय-फायवर तुमच्या फोननं जोडून, चार पावलं मागे सरकून, रस्त्यावरचे हॉर्न वाजत असतानाच ‘टेन मिनिट्स टायमर’ म्हणून बघा. मूळ अ‍ॅडॉप्टर सोबत आहे का तेही बघा. नेस्ट मिनीची आणि डॉटची पिन गोल असते, फोनचा चार्जर त्यात बसत नाही.